मेंबरशिपवालं होलसेल स्टोअर: फी नक्की कशात वसूल होते

वर्षाची फी भरायची, कार्ड घ्यायचं आणि मग आत जाऊन मोठमोठे पॅक कमी भावात उचलायचे, अशी जी दुकानं असतात त्यांच्याबद्दल लिहितेय. हा कुठल्या एका दुकानाचा रिव्ह्यू नाहीये, या सगळ्या प्रकाराचाच आहे, कारण बाहेर पाटी कुठलीही असली तरी आतला कारभार बऱ्यापैकी सारखाच असतो. आमच्याकडे बरीच वर्षं असं कार्ड आहे, घरातल्या सामानासाठी वापरतो आणि घरी काही कार्यक्रम असला की त्यासाठीही वापरतो, आणि माझं मत आता पक्कं झालंय ते आधीच सांगून टाकते म्हणजे ज्यांना सगळं वाचायला वेळ नाही त्यांची सोय होईल. फक्त महिन्याचं सामान भरायचं म्हणून मेंबरशिप घेत असाल तर फायदा वाटतो त्याच्यापेक्षा बराच कमी आहे. खराब न होणाऱ्या वस्तू आणि घरचे समारंभ या दोन कामांसाठी घेत असाल तर फी आरामात वसूल होते आणि वर पैसे उरतात.

आधी ही दुकानं स्वस्त देऊ शकतात ती कशामुळे ते बघू, कारण ते कळलं की काय घ्यायचं आणि काय नाही हे आपोआप कळतं. या प्रकाराची सुरुवात १९७६ साली अमेरिकेत सॅन डिएगोला झाली, सोल प्राइस नावाच्या माणसाने विमानाच्या जुन्या हँगरमध्ये प्राइस क्लब नावाचं दुकान काढलं. सुरुवातीला तिथे फक्त छोट्या व्यापाऱ्यांना प्रवेश होता, घरगुती गिऱ्हाईक नंतर आलं. १९८३ मध्ये सिएटलला कॉस्टको सुरू झालं, त्याच वर्षी सॅम्स क्लब सुरू झालं, आणि १९९३ मध्ये प्राइस क्लब आणि कॉस्टको एक झाले. कॉस्टको काढणाऱ्या दोघांपैकी एक जिम सिनेगल, तो सोल प्राइसच्याच हाताखाली तयार झालेला. युरोपात याच्या आधीपासून, म्हणजे साठच्या दशकात, मेट्रो आणि मॅक्रो अशी दुकानं होती पण ती मुख्यतः व्यापाऱ्यांसाठी.

यांचं गणित असं, की मालावर नफा अगदी थोडा ठेवायचा आणि कमाई मेंबरशिपच्या फीवर करायची. कॉस्टकोचं धोरण तर जाहीरच आहे, ब्रँडेड मालावर साधारण १४ टक्के आणि स्वतःच्या ब्रँडवर १५ टक्के, याच्यावर मार्जिन घ्यायचं नाही. नेहमीची दुकानं याच्यापेक्षा बरंच जास्त घेतात. आणि अलीकडच्या वर्षांत कॉस्टकोला फीमधून आलेले पैसे त्यांच्या ऑपरेटिंग नफ्याच्या, म्हणजे व्याज आणि कर जायच्या आधीच्या नफ्याच्या, निम्म्याहून जास्त भरतात. शिवाय माल मोजकाच ठेवतात, चार हजारांच्या आत प्रकार, नेहमीच्या मोठ्या सुपरमार्केटमध्ये तीस हजार किंवा जास्त असतात. म्हणजे टूथपेस्टचे चाळीस प्रकार नाहीत, दोन-तीनच, पण त्या दोन-तीनची खरेदी इतकी प्रचंड की कंपनीकडून भाव पाडून मिळतो. माल पॅलेटवरून काढतच नाहीत, तसाच लाकडी फळीसकट मांडून ठेवतात, त्यामुळे मांडणाऱ्या माणसांचा खर्च वाचतो.

हे सगळं मला मनापासून आवडतं. दुकानाचं पोट फीवर चालतं त्यामुळे वस्तूच्या किमतीत गिऱ्हाइकाला फसवायची त्यांना फारशी गरज पडत नाही. पण याचीच दुसरी बाजू अशी की फी आधीच भरलेली असते, आणि एकदा फी भरली की माणसाला वाटायला लागतं आता ती वसूल केली पाहिजे, म्हणून मग जास्त चकरा, जास्त सामान. इथेच बहुतेकांचा हिशोब बिघडतो.

हिशोब तसा सोपा आहे. समजा तुमच्या नेहमीच्या दुकानापेक्षा तिथे सरासरी १० टक्के वाचतात, तर फी जेवढी असेल तिच्या दसपट खरेदी केल्यावर तुम्ही बरोबरीला येता, आणि त्याच्या पुढे जी खरेदी होईल तिच्यावर खरी बचत. ५ टक्केच वाचत असतील तर वीसपट. आणि यात फक्त त्याच वस्तू धरायच्या ज्या तुम्ही एरवीही घेतल्याच असत्या. तिथे गेल्यावर दिसली म्हणून घेतलेली फोल्डिंग खुर्ची किंवा बारा रंगांचे टॉवेल यांच्यावर कितीही टक्के सूट असली तरी ती बचतीच्या रकान्यात येत नाही, तो सरळ खर्च आहे. बऱ्याच ठिकाणी एक वरची मेंबरशिप पण असते, तिची फी जास्त आणि वर्षाच्या खरेदीवर साधारण २ टक्के परत मिळतात. तिथे वाढीव फीच्या पन्नासपट खरेदी झाली तरच ती परवडते. काउंटरवरचा माणूस घ्या घ्या म्हणून मागे लागतो, पण नवरा-बायको आणि एक मूल एवढ्या घराची पन्नासपट खरेदी होणं अवघड आहे, नको म्हणायचं सरळ. मोठं एकत्र कुटुंब असेल तर गोष्ट वेगळी.

आता शेल्फवरच्या चिठ्ठीबद्दल, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच. मोठ्या अक्षरात किंमत असते ती बघायचीच नाही. त्याच्या खाली किंवा कोपऱ्यात बारीक अक्षरात दर लिहिलेला असतो, १०० मिलीला किती, १०० ग्रॅमला किती, एका नगाला किती, तो बघायचा. युरोपियन युनियनने १९९८ साली हा दर दाखवायचा नियमच केला, ऑस्ट्रेलियात मोठ्या किराणा दुकानांना २००९ पासून बंधनकारक आहे, पण सगळीकडे अक्षर मात्र मुंगीएवढं. आणि मोठा पॅक म्हणजे दर कमीच असणार असं अजिबात धरून चालू नका. मोठ्या पॅकचा दर छोट्यापेक्षा जास्त असणं हे बऱ्याचदा घडतं, खासकरून छोट्या पॅकवर नेहमीच्या दुकानात ऑफर चालू असते तेव्हा. लोक मोठा पॅक बघून न मोजता उचलतात हे विकणाऱ्यालाही माहीत असतं.

त्यात पण एक गोम आहे, डिटर्जंटचं उदाहरण घ्या. लिक्विड डिटर्जंटचे दोन कॅन शेजारी शेजारी. एक ३ लिटरचा, त्याच्यावर लिहिलंय ६० धुणी. दुसरा ५ लिटरचा, त्याच्यावर ८० धुणी. समजा लिटरमागे दोघांचा दर अगदी सारखा आहे, किंवा ५ लिटरवाला थोडा स्वस्तच आहे. कोणीही ५ लिटरवाला उचलेल. पण पहिल्यात एका धुण्याला ५० मिली लागतं आणि दुसऱ्यात साडेबासष्ट, म्हणजे दुसरा पातळ आहे, आणि लिटरचा दर सारखा असेल तर प्रत्येक धुण्यामागे तुम्ही पंचवीस टक्के जास्त देताय. त्यामुळे डिटर्जंट घेताना लिटर-किलो विसरा, किंमत भागिले धुणी एवढंच करा मोबाईलवर. भांडी घासायच्या मशीनच्या गोळ्या असतील तर नगावर. टॉयलेट पेपर आणि किचन टॉवेल असतील तर रोल किती हे बघायचं नाही, शीट किती आणि किती पदरी हे बघायचं, कारण रोल आतून पोकळ करून मोठा दाखवणं काही अवघड नाही. डायपर नगावर. आणि ढक्कन! डिटर्जंटच्या झाकणात जी रेघ असते ती शोधून काढा आणि पेनाने ठळक करून ठेवा, घरात मोठा कॅन आला की सगळ्यांचा हात सैल होतो आणि झाकण भरून ओतलं जातं, ८० धुण्यांचा कॅन मग ५० मध्येच संपतो आणि तुमची सगळी बचत नाल्यात. आमच्याकडे मोठा कॅन मोरीच्या वर माळ्यावर असतो आणि खाली छोट्या बाटलीत काढून घेतो, एवढ्या एका गोष्टीने बराच फरक पडला.

मोठ्या पॅकमध्ये काय घ्यावं याबद्दल माझा नियम टिकण्यावर आहे, दरावर नाही. कचऱ्याच्या पिशव्या, अॅल्युमिनियम फॉइल, टिश्यू, झिपवाल्या पिशव्या, अंगाचा साबण, भांड्यांचे स्क्रबर, या गोष्टींना काही होत नाही, जागा असेल तर डोळे झाकून घ्या. साध्या अल्कलाइन बॅटऱ्या पण छान टिकतात, चांगल्या कंपनीच्या एए सेलवर दहा वर्षांपर्यंतची तारीख छापलेली असते, फक्त सुटे सेल ड्रॉवरमध्ये नाण्यांबरोबर वगैरे टाकू नका. कपडे धुवायची पावडर कोरड्या जागी टिकते, लिक्विड तेवढं टिकत नाही. ब्लीच मात्र अजिबात साठवू नका, बाटलीत नुसतं पडून पडूनच त्याचा जोर कमी होत जातो, वर्षभराने ते बरंच कमजोर झालेलं असतं. सनस्क्रीन, क्रीम, काजळ-मस्कारा या गोष्टी मोठ्या पॅकमध्ये घेणं म्हणजे पैसे फेकणं, पाठीमागे बघा, उघड्या डबीचं छोटं चित्र असतं आणि त्यात १२ एम किंवा ६ एम लिहिलेलं असतं, म्हणजे झाकण उघडल्यापासून बारा किंवा सहा महिने. तीनचा पॅक घेतला आणि एक डबी तुम्हाला आठ महिने जाते, तर तिसरी उघडेपर्यंत सोळा महिने होतात, तोवर मूळ एक्स्पायरीच जवळ आलेली असते. औषधं, व्हिटॅमिनच्या गोळ्या यांचंही तसंच, पाचशे गोळ्यांची बाटली दिसायला स्वस्त असते.

खाण्याच्या वस्तूंबद्दल जास्त लिहीत नाही कारण प्रत्येक घराचं वेगळं असतं. एकच सांगते, फ्रीजरमध्ये जेवढी जागा रिकामी आहे तेवढंच घ्यायचं, घरून निघताना फ्रीजर उघडून फोटो काढायचा. दर किलोला वीस टक्के कमी पडला आणि त्यातला चौथा भाग टाकून द्यावा लागला तर तुम्ही नेहमीच्या दुकानापेक्षा महाग घेतलंत.

दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडबद्दल लोक फार साशंक असतात, उगाच. कॉस्टकोचा कर्कलंड सिग्नेचर १९९५ पासून आहे, बाकीच्यांचेही आपापले आहेत, आणि यातला बराचसा माल नावाजलेल्या कंपन्याच बनवून देतात. बॅटऱ्या, फॉइल, पिशव्या, टिश्यू यात मला आजवर ब्रँडेडपेक्षा कमी काही वाटलं नाही. शॅम्पू, साबण, परफ्यूमवाल्या वस्तू यात प्रत्येकाची आवड असते, तर आधी कोणाकडून तरी थोडं मागून वापरून बघा, नाहीतर दोन लिटर शॅम्पू घरात येतो आणि कोणीच लावत नाही.

आता तक्रारी. एक म्हणजे मांडणी. काही ठिकाणी मुद्दाम रांगांवर पाट्या लावत नाहीत आणि वस्तूंच्या जागा बदलत राहतात, म्हणजे तुम्ही शोधत फिरता आणि फिरताना आणखी चार गोष्टी नजरेस पडतात. नियमित वस्तू एका बाजूला आणि आज आहे उद्या नाही असा माल वाटेवर. ‘आत्ता घेतलं नाही तर परत मिळणार नाही’ ही भावना तिथे सतत असते, आणि ती खरी पण असते म्हणून जास्त वाईट. मी यादी घेऊन जाते आणि यादीबाहेरची वस्तू आवडली तर फोटो काढून घरी येते, पुढच्या वेळी अजूनही हवीशी वाटली आणि ती तिथे असली तर घेते. बहुतेक वेळा आठवणही राहत नाही. दुसरं, ट्रॉली इतकी मोठी असते की यादीतलं सगळं घेऊनही ती रिकामीच दिसते. सामान थोडंच असेल तर ट्रॉली घेऊच नका, घरून दोन पिशव्या न्या. तिसरं, बिल. एका दुकानात शेल्फवर ऑफरचा भाव आणि बिलात जुना भाव असं एकापेक्षा जास्त वेळा झालंय, विचारलं की लगेच दुरुस्त करून देतात पण विचारावं लागतं, त्यामुळे दाराशी पावती तपासायची रांग असते त्या वेळात मी माझी पावती वाचून काढते. आणि चौथं, या दुकानांचा माल घरपोच मागवला तर बऱ्याच ठिकाणी वस्तूचा दरच थोडा वाढवून लावलेला असतो, वर डिलिव्हरी वेगळी. जी १० टक्के बचत म्हणून फी भरली ती तिथेच जाते.

समारंभांचं मात्र खरंच वेगळं आहे, आणि मला लोकांना सगळ्यात जास्त हेच सांगावंसं वाटतं. घरी वाढदिवस असतो, कोणाचा निरोप समारंभ असतो, लग्नाचा वाढदिवस असतो, चाळीस-पन्नास माणसं येणार असतात. एरवी जो मोठा पॅक आपल्याला जड जातो तो एका संध्याकाळीच संपणार असतो, म्हणजे साठवायचा प्रश्न नाही, खराब व्हायचा प्रश्न नाही, आणि दर तर होलसेलचा. फायदाच फायदा. नॅपकिन, प्लेटा, ग्लास, चमचे, मेणबत्त्या, टेबलावर अंथरायचा कागदाचा रोल, हे सगळं तिथून.

फक्त पार्टीचं सामान म्हणून जो वेगळा विभाग असतो तिकडे जाऊ नका. नॅपकिनवर फुगे छापले की तोच नॅपकिन महाग होतो, आणि ‘बर्थडे’ असं लिहिलं की उरलेले दुसऱ्या कार्यक्रमाला चालतही नाहीत. साधे पांढरे घ्या, किंवा एकाच गडद रंगाचे. टेबलावर सगळं एका रंगात असलं की छापील चित्रांपेक्षा जास्त नीटस दिसतं हे माझं प्रामाणिक मत आहे, आणि उरलेलं सामान पुढच्या वेळी कामाला येतं. गिफ्ट रॅपिंगचंही तेच, चकचकीत कागदाच्या छोट्या गुंडाळीपेक्षा तपकिरी क्राफ्ट पेपरचा मोठा रोल घ्या आणि दोन-तीन रंगांची रिबन, लहान मुलाचा वाढदिवस असो नाहीतर साठीचा, दोन्हीकडे शोभतो आणि वर्षानुवर्षं पुरतो.

ग्लासांचं एक सांगते. माणसं चाळीस आणि ग्लास चाळीस असं कधीच पुरत नाही. लोक ग्लास कुठेतरी ठेवतात, गप्पा मारतात, परत आल्यावर आपला कुठला ते कळत नाही आणि नवीन घेतात, मुलं तर दर वेळी नवीन. म्हणून माणशी दोन-अडीच ग्लास धरावे लागतात. त्यापेक्षा ग्लासांच्या चळतीशेजारी एक मार्कर ठेवा आणि पहिल्या दोघा-तिघांना नाव लिहायला सांगा, बाकीचे बघून आपोआप लिहितात, आणि मग माणशी सव्वा-दीड ग्लासात काम होतं. प्लेटांचं उलटं आहे, पातळ प्लेट स्वस्त पडते पण लोक दोन-दोन एकाखाली एक धरतात, म्हणजे तुमचा खर्च दुप्पट. जाड प्लेट घ्या, नगाला दर जास्त असला तरी शेवटी स्वस्त पडते. इथे पण हिशोब पॅकचा नाही, माणशी किती लागलं याचा.

माणसं साठ-सत्तरच्या वर जात असतील तर मात्र विकत घ्यायच्या आधी भाड्याची चौकशी करा. खुर्च्या, टेबलं, टेबलक्लॉथ, काचेचे ग्लास, खरी ताटं भाड्याने मिळतात, आणि काही ठिकाणी भांडी विसळून परत दिली तरी चालतात, धुणं त्यांच्याकडे. डिस्पोजेबल प्लेट, ग्लास, चमचा, नॅपकिन असं माणशी सगळं जोडलं आणि दुसरीकडे भाडं माणशी काढलं तर आकडे वाटतं त्याच्यापेक्षा जवळ येतात, आणि खऱ्या ताटात जेवायला सगळ्यांना बरं वाटतं, कचरा होत नाही ते वेगळंच. विचारताना दोन गोष्टी मात्र आधीच पक्क्या करून घ्या, फुटलेल्या वस्तूचे किती लावणार आणि ने-आण भाड्यात धरली आहे का. डिपॉझिटचा कागद आणि सामान आलं तेव्हाचा फोटो ठेवा.

फुलं होलसेल स्टोअरमध्ये फार चांगली पडतात. लोक तयार बुके घेतात, त्यात बरेचसे पैसे बांधायचे. मोठे गुच्छ घ्या, कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी, म्हणजे कळ्या उमलायला वेळ मिळतो, देठ तिरके कापा, पाण्याखाली येणारी पानं काढून टाका, आणि घरातल्या रिकाम्या बरण्यांमध्ये थोडी थोडी लावा. एका मोठ्या गुच्छात चार-पाच टेबलं सजतात. परत जाताना पाहुण्यांना एकेक बरणी दिली तर रिटर्न गिफ्टचाही खर्च नको.

भेटवस्तूंसाठी दोन कामाच्या गोष्टी. काही होलसेल स्टोअर्समध्ये दुसऱ्या दुकानांची किंवा रेस्टॉरंटची गिफ्ट कार्ड छापील रकमेपेक्षा कमीत मिळतात, म्हणजे देताना पूर्ण रकमेचं कार्ड, आणि तुम्हाला ते कमी पडलेलं. घेताना मुदत आणि कुठल्या शाखांमध्ये चालतं ते वाचा एवढंच. दुसरं, शाळकरी मुलं घरात असतील तर वर्षभर वाढदिवसांची बोलावणी येत राहतात आणि दर वेळी ऐन वेळी घाईत घेतलेली भेट महाग असते. स्केचपेन, रंगांचे सेट, कोडी, गोष्टींची पुस्तकं असे सहा-आठचे पॅक मिळाले की घेऊन एका खणात ठेवून द्या. नात्यातलं मोठं कार्य असेल तर चार घरांनी मिळून एक चांगली वस्तू द्यावी, चौघांनी चार शोभेच्या वस्तू देण्यापेक्षा घेणाऱ्यालाही ते जास्त उपयोगाचं, पण त्यात रक्कम कोणी किती दिली हे पाकिटावर न लिहिता चारही नावं सारखीच लिहावीत, ज्याची ऐपत कमी त्याला अवघडल्यासारखं होता कामा नये. पैसे वाचवताना माणसं दुखावली तर ती बचत मला नको.

आणि उरलेलं सामान. बऱ्याच मेंबरशिप स्टोअर्सचं रिटर्न धोरण खूप उदार असतं, न फोडलेले पॅक पावती दाखवली की परत घेतात, काही ठिकाणी तर मेंबरशिप पटली नाही तर फीसुद्धा परत करतात. म्हणूनच पार्टीचं सामान थोडं जास्त घ्यावं आणि सगळे पॅक आधीच फोडून ठेवू नयेत, जसं लागेल तसं एकेक पॅक उघडायचा. घ्यायच्या आधी काउंटरवर विचारून घ्या की खाण्याचं, हंगामी आणि सजावटीचं सामान परत घेतात का, कारण तिथे अपवाद असतात. पण वापरलेली खुर्ची किंवा धुतलेला टेबलक्लॉथ कार्यक्रमानंतर परत नेऊन द्यायचा हे जे काही लोक करतात ते मला अजिबात पटत नाही. अशाने नियम सगळ्यांसाठीच कडक होतात आणि ज्याला खरोखर खराब वस्तू मिळाली त्याला दहा प्रश्न विचारले जातात.

ज्यांच्या घरात दोन-तीनच माणसं आहेत आणि तरी कार्ड घ्यायचंय, त्यांनी एकट्याने घेऊ नका. आम्ही शेजारची आणि मैत्रिणीची अशी तीन घरं मिळून सामान वाटून घेतो. कार्ड दुसऱ्याला वापरायला देता येत नाही, पण बऱ्याच ठिकाणी सोबत एखाद-दोन पाहुणे न्यायला चालतं, पैसे मेंबरनेच भरायचे. घरी आलं की सगळं जमिनीवर मांडायचं, पावतीचा फोटो ग्रुपवर टाकायचा, मोजून मिळणाऱ्या वस्तू मोजून आणि पावडर-बिवडर किचनच्या वजनकाट्यावर, हिशोब त्याच दिवशी पूर्ण करायचा, उद्यावर ठेवला की राहतो आणि मग मागायला संकोच वाटतो. वाटून घेताना पॅकवरची तारीख आणि कसं वापरायचं तो भाग कापून किंवा फोटो काढून सगळ्यांना द्या, विशेषतः साफसफाईची केमिकल असतील तर, आणि ती कधीही पाण्याच्या किंवा पेयाच्या बाटलीत काढू नका, घरात लहान मूल असेल नसेल तरी. अशी वाटणी नीट बसली की छोट्या घरालाही सगळ्यात कमी दर मिळतो आणि घर गोदाम होत नाही.

रेटिंग द्यायचं तर रोजच्या सामानासाठी पाचपैकी अडीच, टिकाऊ घरगुती वस्तूंसाठी चार, समारंभांसाठी साडेचार. अर्धा कापला तो पार्टी विभागातल्या भावांमुळे.

शेवटचं एक काम, कार्ड घेतल्या दिवशीच करा. फी भरताना बऱ्याचदा ऑटो रिन्यूअल चालू होतं आणि पुढच्या वर्षी न विचारता पैसे कापले जातात, ते बंद करून घ्या आणि मुदत संपायच्या पंधरा दिवस आधीचा रिमाइंडर लावा. त्या दिवशी अॅपमध्ये वर्षभराच्या पावत्या उघडायच्या, ज्या वस्तू एरवीही घेतल्या असत्या तेवढ्यांपुढेच खूण करायची, त्यांची बेरीज फीच्या दसपटीच्या आसपास जात नसेल तर त्या वर्षी रिन्यू करू नका. मधे घरात मोठं कार्य ठरलं तर कार्ड त्या महिन्यात परत घेता येतं, जुना मेंबर म्हणून कधीकधी जॉइनिंगची ऑफरही मिळते, विचारून बघा.